लेकाच्या वाटचा श्वास

यंत्र दुसऱ्यांदा वाजलं तरी तो उठला नाही, आणि दारातून आत डोकावलेल्या आईची नजर त्याच्या पायांवर खिळली... पायांत बूट तसेच होते.

डोक्यावरून पांघरूण, भिंतीकडे तोंड आणि पायांत बूट! हे दृश्य तिने किती वर्षं पाहिलं होतं... त्या वर्षांत सकाळी त्याचे बूट काढायचे, फरशी पुसायची, सुनेच्या नजरेला नजर न देता नातीला शाळेत पोचवायचं, आणि मग दिवसभर खिडकीपाशी बसून शिंप्यांकडून आलेल्या कपड्यांची काज-बटणं करायची, हे सगळं तिने निमूट केलं होतं. मग एके दिवशी प्यायलेल्या अवस्थेत त्याने कामावरची बेकरीची गाडी रस्त्याकडेच्या चौकीत घातली. आतल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा पाय मोडला. सून मुलीला घेऊन माहेरी निघून गेली.

तुरुंगच व्हायचा. पण त्याची केस व्यसनमुक्तीच्या न्यायालयात गेली, आणि ते न्यायालय वेगळंच होतं. तिथे शिक्षा बाजूला ठेवून आधी उपचार देत. न्यायाधीश बाई दर पंधरवड्याला प्रत्येकाला समोर बोलावून विचारत, झोप लागते का, कामावर कोणी टोचून बोलतं का, संध्याकाळ कशी घालवता; आणि ठीक चाललं असेल तर वकील, पोलीस, इतर आरोपी, सगळे मिळून टाळ्या वाजवत. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, "इथे घसरलात तर आम्ही हात देऊ. खोटं बोललात तर मात्र तुरुंग."

घरातलं ते यंत्रही न्यायालयाचंच. रोज सकाळी त्याच्या नळीत फुंकायचं. श्वासात दारू नसेल तर हिरवा दिवा, असेल तर लाल. आणि निकाल आपोआप न्यायालयात. आईने त्याचं नाव 'धाकटी सून' ठेवलं होतं. "ऊठ रे सोन्या, धाकटी सून हाका मारतेय," ती रोज म्हणायची, "थोरलीचं ऐकलं असतंस तर हिला घरात आणावं लागलं नसतं." आणि तो डोळे चोळत हसायचा, "ही बरी आहे आई, हिला माहेर नाही."

आज मात्र ती त्याला हाक मारू शकली नाही. येत्या सुनावणीला तो उपचाराच्या शेवटच्या टप्प्यात जाणार होता. सून नातीला घेऊन ते पाहायला येणार होती... आणि आता हे बूट!

यंत्र तिसऱ्यांदा वाजलं. त्या आवाजाने की भीतीने, तिला खोकल्याची उबळ आली. फडताळावरचं खोकल्याचं औषध तिने झाकणभर घशाखाली उतरवलं, आणि तोंडात त्याची जळजळ असतानाच ती नळी ओठांना लावून, पोटातली सगळी माया एकवटून, लेकाच्या वाटचा श्वास तिने फुंकला.

दिवा लाल झाला. पडद्यावर अक्षरं उमटली : पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंका.

आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या बाईच्या श्वासाला लाल दिवा? यंत्राने आपल्याला ओळखलं, असंच तिला वाटलं. तिने घाईघाईने यंत्राची वायर भिंतीतून उपटली. वर पंखा गरगरत होता.

तासाभराने तो उठला. "आई, यंत्र बंद का?"

"वीज गेली होती," ती पाठमोरीच म्हणाली.

त्याने वायर लावली, फुंकलं. हिरवा दिवा लागला. आईने मनात म्हटलं, उतरली असेल तोवर... वाचला माझा लेक.

*

सुनावणीच्या दिवशी सून मागच्या बाकावर बसली होती, शेजारी नात, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. आई त्याच रांगेत दुसऱ्या टोकाला. खोकला अजून गेला नव्हता, म्हणून औषधाची बाटली तिच्या मुठीत होती.

त्याचं नाव पुकारलं गेलं. त्याला उपचार देणारे समुपदेशक हसतमुखाने उठले, पण न्यायाधीश बाई हसल्या नाहीत.

"त्या सकाळी लाल दिवा आलाय," त्या म्हणाल्या. "आणि लगेच यंत्र बंद केलंय. काय झालं होतं?"

"मी घेतली नाही मॅडम. वीज गेली होती."

"आदल्या संध्याकाळी कुठे होतात?"

"त्या पहारेकरी काकांकडे. त्यांनी पहिल्यांदाच घरात घेतलं. काठीशिवाय चालून दाखवलं मला... भिंतीला धरून. म्हणाले, बघ, जमतंय. मग घरी आलो आणि तसाच पडलो. बूटही काढले नाहीत. कुणाशी बोलावंसंच वाटेना."

बूट... बूट त्यामुळे होते! तो रडून झोपला होता, आणि आईने ते पिऊन झोपणं समजलं.

"मॅडम, यंत्र खोटं बोलत नाही," सरकारी वकील उठले. "लाल दिवा आहे, वायर काढलीय, उतरल्यावर तासाभराने पुन्हा फुंकलंय, आणि वर हा नाकारतोय. याला कार्यक्रमातून काढून तुरुंगात पाठवावं. आणि याच्याशिवाय दुसऱ्या कोणी यंत्राशी छेडछाड केली असेल तर तोही गुन्हाच आहे."

समुपदेशक त्याच्या कानाशी वाकले. "बाबा रे, घेतली असशील तर सांगून टाक. पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करू. नाही म्हणत राहिलास तर मी काही करू शकणार नाही."

त्याने मागे वळून पाहिलं. सुनेकडे, मुलीकडे, आणि मग आईकडे. आईच्या मुठीतल्या बाटलीवर त्याची नजर थांबली. मग ती वर गेली, छताला फिरणाऱ्या पंख्याकडे. त्या सकाळी उठला तेव्हा घरातला पंखाही असाच फिरत होता... आईला कळलं, त्याला कळलंय.

तो पुढे वळला. "हो मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "घेतली होती मी. चुकलो."

सुनेने डोळे मिटून घेतले. मग मुलीच्या मांडीवरची बाटली उचलली, तिचा हात धरला आणि ती उठली. "चल चिमणे."

"पण बाबांना टाळ्या?" नातीने विचारलं.

त्या एका प्रश्नाने आई आपोआप उभी राहिली.

"थांब सूनबाई," ती म्हणाली. न्यायालयात इतक्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती. "मॅडम, खोटं बोलतोय तो. लाल दिवा माझा आहे."

"आई, खाली बस."

"नाही बसत. आयुष्यभर तुझं झाकलं, म्हणून तू असा झालास. त्या दिवशी झाकण्यासारखं काही नव्हतं, तरी झाकलं मी." तिने मूठ उघडली. "हे औषध प्याले आणि फुंकलं. मला वाटलं, हा पिऊन आलाय."

न्यायाधीश बाईंनी बाटली मागवून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. औषधात मद्यार्क होता. "असं औषध घेतल्यावर तोंडात थोडा वेळ त्याचा अंश राहतो," त्या म्हणाल्या, "म्हणूनच यंत्र पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगतं. तुम्ही थांबला असतात तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आता थांबाल? सगळ्यांसमोर?"

यंत्र आणलं गेलं. आईने झाकणभर औषध घेतलं, फुंकलं. लाल. मग सगळं न्यायालय थांबलं. पुढची केस पुकारली गेली नाही, वकिलांनी कागद चाळले नाहीत.

तो येऊन तिच्या शेजारी बसला. त्याच्या शर्टाचं एक बटण सैल लोंबत होतं. तिचा हात सवयीने तिकडे गेला आणि वाटेतच थबकला.

"कबूल कशाला केलंस रे?"

"तुला पोलिसांच्या दारात उभं केलं होतं एकदा. पुन्हा नको होतं."

त्याने ते सैल बटण स्वतःच काजात सारलं.

"आई... हाक तरी मारायचीस," तो म्हणाला. "त्या सकाळी मला कोणालातरी सांगायचं होतं. ते काका कसे चालले ते."

सगळ्या जगाने अविश्वास दाखवला असता तरी चाललं असतं... पण जिने त्याला पहिला श्वास दिला, तिनेच त्याच्या श्वासावर विश्वास ठेवला नव्हता.

वेळ भरली. तिने पुन्हा फुंकलं. दिवा हिरवा झाला.

"यांना शिक्षा मागणार का?" बाईंनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. नाही, अशी त्यांनी मान हलवली.

"शिक्षा नाही," बाई आईला म्हणाल्या, "पण घरच्यांच्या बैठकीला तुम्ही दर आठवड्याला याल. आजार घरालाही जडतो. आणि ज्या घरात दुसऱ्याने यंत्राला हात लावला, तिथे आम्ही ते ठेवू शकत नाही. याला व्यसनमुक्तीच्या वसतिगृहात राहावं लागेल."

"माझ्याकडे लावा."

सून बोलली होती. अजून उभीच, मुलीचा हात धरून. "शेवटचा टप्पा माझ्या माहेरच्या घरी होऊ दे. पण एक सांगते," तिने नवऱ्याकडे पाहिलं, "ते यंत्र वाजलं की तू उठायचंस. मी उठवणार नाही."

तो हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले. टाळ्या वाजल्या. नातीने तर बाकावर उभं राहून वाजवल्या. आईनेही वाजवल्या... शिवून शिवून राठ झालेल्या बोटांना त्या नीट वाजवताही येईनात. तिच्या मनासारखं सगळं झालं होतं. लेकाला त्याचा संसार परत मिळाला होता. फक्त तिच्या घरातून तो गेला होता.

*

दर आठवड्याला ती बैठकीला जाऊ लागली. तिथे तो तिच्याशी सभ्यपणे बोलायचा, तब्येत विचारायचा. पाहुण्याशी बोलावं तसं. घरी सकाळ झाली की यंत्राच्या रिकाम्या जागेसमोर ती काज करत बसायची, आणि त्याच्या फुंकण्याची वेळ झाली की सुई आपोआप थांबायची.

थंडी सरली तेव्हा एका सकाळी, नेमकी त्याच वेळी, फोन वाजला.

"आई, आत्ताच फुंकलं. आज दिवा..."

"रंग नको सांगूस," ती घाईने म्हणाली.

"अगं, पण ऐक तरी..."

"मी विचारला का? ते पहारेकरी काका कसे चालले, ते सांग. राहिलंय सांगायचं."

पलीकडून तिला त्याचा श्वास ऐकू आला, खोल, थरथरता... आणि तो सांगू लागला.