राहात्याहून आलेली शय्या

पलंग सोडून काहीही द्या. चादरी द्या, तांदूळ द्या, पंखा द्या आणि त्याच्या पात्यांवर वडिलांचं नाव लाल रंगात रंगवून द्या, आम्ही तो आनंदाने फिरवू. पण घरात कुणी वापरलेला पलंग आम्ही घेत नाही. तुम्ही राहुरीच्या स्टँडवरून एवढ्या उन्हात चालत आलात आणि मी तोंडावर नाही म्हणतेय, याचा राग येणं साहजिक आहे. बसा जरा. लाइट गेलेत, ते काही लवकर यायचे नाहीत. या जुन्या गोदामाला खिडक्या कमी, त्यामुळे दिवेलागणीच्या आधीच आत अंधारतं. कंदील जवळ घेते आणि का नाही ते सांगते.

तुमच्यासारखी स्वतःहून येणारी माणसं आता कुठे दिसायला लागलीत. मी सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून हे सुरू केलं, तेव्हा, म्हणजे पंच्याण्णवच्या सुमाराला, लोक हसायचे. डॉक्टर हेमचंद्र नगरहून यायचे. गावोगाव फिरून कुठल्या घरात कोण विसरायला लागलंय, कशाने, केव्हापासून, याचा अभ्यास करायचं त्यांच्या डोक्यात होतं. मला एवढा मोठा विचार नव्हता. रस्ता चुकून उसात सापडणाऱ्या, घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या म्हाताऱ्यांना एक छप्पर मिळावं, इतकंच. कालव्यालगतचं हे कांद्याचं गोदाम भाड्याने मिळालं. पेशंट जमिनीवर चटया टाकून झोपायचे आणि थंडीत रात्रभर कण्हायचे.

देणगी मागायला जाणाऱ्याला चहा फार पाजतात. चहा पाजला की नाही म्हणायला सोपं जातं. "सिस्टर, ह्याला म्हातारचळ म्हनत्यात. त्याला कसला आलाय इलाज?" असं मी इतक्या ओट्यांवर ऐकलंय, की ऐकताना मला कपातली साय मोजायची सवय लागली. एक आडते म्हणाले, लहान मुलांचं काही असेल तर सांगा, फोटो चांगला येतो. दुसऱ्यांनी मंदिराच्या कमानीसाठी माझ्यासमोर गड्डी काढून दिली आणि मला प्रसादाचा पेढा दिला. परत येताना एसटीत मी दातओठ खात बसायचे.

माझी आईही या पेशंटांतच होती. विमलबाई. जन्मभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून तिने मला शिकवलं, आणि मग एकेक करून सगळं विसरली. बोलणंही थांबलं. भिंतीकडे तोंड करून बसायची, मी घास भरवला तर परक्याने भरवल्यासारखी खाली बघून खायची. इथे मला सगळे सिस्टर म्हणतात. घरचं नाव घेणारी तीच एक होती. मरण्याआधी तिने एकदा, फक्त एकदाच, मला 'प्रज्ञे' म्हणून हाक मारावी, एवढी माझी हाव होती. डॉक्टरांच्या संशोधनासाठी, संस्थेसाठी, समाजासाठी वगैरे मी भाषणात म्हणायचे. खरं कारण ते होतं.

असंच एका दिवशी राहात्याचे कानिफनाथ शेठ आले. पेरूच्या बागा, दोन ट्रक, पांढरेशुभ्र कपडे आणि डोक्याचा नुकताच केलेला गोटा. त्यांची आई केशरबाई वारली होती. शेवटी शेवटी तिलाही भ्रम झाला होता. अंगणातून निघून जायची म्हणून मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायचे. हे त्यांनी सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे नाही, दाराबाहेर कालव्याकडे बघत होते.

"समद्यांना कॉटा देतो, गाद्या देतो, वर्षाचं धान्य घालतो," ते म्हणाले. "पन आदी आईची शय्या घ्यावी लागंल."

त्यांच्यात शय्यादान करतात. मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर उपयोगी पडावं म्हणून त्याचा पलंग, गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या, कंदील असं सगळं भटजींना देतात. पण हे दान जड असतं म्हणे. राहात्यातल्या एका गुरुजींनी नाही म्हटलं, दुसऱ्यांनी नाही म्हटलं, तिसरे गावालाच निघून गेले. तेराव्याचा दिवस टळून गेला होता आणि सामान अंगणात पडून होतं. मग शेठना आमची आठवण झाली.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझे वडील कोंडीराम. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली आणि मढ्यावरचं कापड घेणंही सोडलं. मेलेल्याचं उतरलेलं या घरात येणार नाही, असं त्यांनी चावडीवर जाऊन सांगितलं होतं. भीतीने नव्हे, मान होता म्हणून. आणि आता भटजी नको म्हणतात ते आमच्याकडे!

डॉक्टर हेमचंद्रांचं भिक्षुकाचं घर. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, नको. आमच्या आजोबांनी कधी शय्या घेतली नाही. जो त्याच्यावर पाठ टेकवतो त्याला त्या जिवाला जागा द्यावी लागते, असं म्हणायचे."

"तुम्ही मेंदूचे डॉक्टर की भुताखेतांचे?" मी विचारलं. "एवढी कॉट नाकारली तर बाकीच्या कॉट तुम्ही आणणार आहात का?"

मी शेठना हो म्हटलं. लाकूड ते लाकूड, गादी ती गादी, असा आपला हिशेब.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी टेम्पो आला. सागवानी कॉट, लाल पट्ट्यांची गादी, छत्री, चपलांचा जोड, सगळं शिस्तीत मांडलं. कापराचा आणि त्याच्याखाली मशेरीचा भाजका वास सुटला होता.

"एकदा माज्यासमूर कुनीतरी आडवं झालं पायजे," शेठ म्हणाले. "मंग मी मागं न बघता जानार. तशी रीत हाय."

बाकीचे पेशंट नव्या माणसाला बघून बिथरले होते. माझी आईच तेवढी शांत होती. मी तिला उठवलं, हाताला धरून आणलं आणि कॉटवर निजवलं. उशी नीट केली. शेठनी हात जोडले आणि ते दाराकडे वळले.

बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते, त्यांचा आवाज अचानक कुणी दार लावून घ्यावं तसा मंद झाला. आईने डावा गुडघा दाबला. आईचा गुडघा कधी दुखला नव्हता.

"कान्या," ती म्हणाली. "खालच्या पेरूला पानी दिलं का रं?"

कितीतरी महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकत होते. घसा तिचाच होता, पण आवाज वर चढून शेवटी तुटायचा. आई तशी कधीच बोलली नव्हती.

शेठनी मागे बघायचं नव्हतं. त्यांनी बघितलं.

"आये…?"

"ये की. असा लांब का हुबा? कडी न्हाई हितं."

ते तिथेच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

त्यानंतर आमचं बरं चाललं, हेच तर चीड आणणारं आहे. शेठ दर आठवड्याला यायचे. प्रत्येकाला कॉट आली, भिंतींना रंग लागला, डॉक्टरांच्या फिरण्याला जीप मिळाली. शेठ आपल्या ओळखीच्यांना घेऊन यायचे आणि ते लोक चहाबिहा न घेता देणगी देऊन जायचे. कॉटच्या कडेला बसून शेठ आईशी तासन् तास बोलायचे. बागेतली विहीर कुणी खणली, धाकट्या बहिणीचं लग्न कुणामुळे मोडलं, असलं सगळं ती सांगायची. मशेरी मागायची. माझ्या आईने जन्मात मशेरीला बोट लावलं नव्हतं.

आणि मी? मी घास घेऊन गेले की ती म्हणायची, "ठिव तिथं, बाई. सून भरवील मला." मी पुन्हा परकीच. आधी तिला कुणीच आठवत नव्हतं, ते मी सोसलं होतं. आता तिला दुसऱ्याचा मुलगा आठवत होता. काय म्हणावं याला?

"आजूबाजूचं बोलणं असे पेशंट उचलतात," डॉक्टर म्हणाले. पण हे बोलताना तेही त्या कॉटजवळ जात नव्हते.

"विहिरीचं कुणाचं उचललं?" मी विचारलं.

मी तिला कॉटवरून काढून खाली चटईवर निजवलं. काही फरक पडला नाही. खालून ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी तिच्याजवळ बसले आणि न राहवून, वेड्यासारखी, मी तिलाच विचारलं.

"माझी आई कुठे आहे?"

ती हसली. दया आल्यासारखी हसली.

"हाय की. तिला म्या माजी खोली दिली."

"कुठली खोली…?"

"मागली. कुनीतरी बसाया पायजे का न्हाई तिथं? तशी गरीब हाय बिचारी. भिताडाकडं त्वांड करून बसती."

मी तशीच उठले. चौकातून टेम्पो बोलावला, कॉट, गादी, छत्री, चपला, सगळं त्यात फेकलं. डॉक्टर समोर आले. "हे परत केलं तर शेठ येणं बंद करतील, सिस्टर. सगळं बंद पडेल." शय्या घेऊ नका म्हणणारेच आता देऊ नका म्हणत होते! मी म्हटलं, पडू दे बंद. मला माझी आई हवीय. ती शब्दही बोलली नाही तरी चालेल, पण ती हवीय.

राहात्याला पोचले तेव्हा ऊन चांगलं तापलेलं होतं. शेठ बागेत गेले होते. त्यांच्या बायकोला मी पहिल्यांदाच बघत होते. वाळलेली, डोळ्यांखाली काळं आलेलं. टेम्पोतली कॉट बघून तिला नवल वाटलं नाही.

"बरं केलं आनली," ती हळू आवाजात म्हणाली. "तिला टेकायला काय न्हाई तिथं."

"कुणाला?"

तिने पदर तोंडाला लावला. "आमाला काय ठावं, बाई… शय्या गेली त्याच दिसापास्नं चाललंय. दुपार झाली की आतून कडी वाजती. मालकांना सांगितलं तर म्हनत्यात, माजी आई तिकडं राहुरीला मजेत हाय, मंग हितं कोन असंल? पन हाक मारती हो. सारखी एकाच नावानं… आमच्या घरात त्या नावाचं कुनीबी न्हाई."

"कुठलं नाव?"

"प्रज्ञा."

त्या घरात कुणी मला या नावाने ओळखत नव्हतं. शेठसुद्धा नाही.

ती पुढे यायला तयार झाली नाही. बोळातून मी एकटीच मागे गेले. बोळात अंधार होता, कोंबड्यांची घाण होती, आणि जसजशी पुढे गेले तसतसा अंगणातला टेम्पोचा आवाज विरत गेला. मग मला ते ऐकू आलं. दाराआडून, थकलेलं, सवयीचं. शाळेतून यायला उशीर झाला की खडीच्या ढिगावर उभी राहून ती मारायची, तीच हाक. "प्रज्ञे… ए प्रज्ञे…"

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्यासाठी जीव तुटत होता ते कानावर पडत होतं. मी रडत रडत कडी काढली आणि दार ढकललं.

खोली रिकामी होती. शेणाने सारवलेली जमीन, कॉटच्या पायांनी पडलेले खळगे, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. हवेत दगडाच्या भुकटीचा वास होता, उन्हात दिवसभर खडी फोडलेल्या अंगाला येतो तसा.

"आई," मी म्हणाले. "मी आलेय गं. प्रज्ञा. इथेच आहे मी."

हाक थांबली.

मी वाट बघत उभी राहिले. मग भिंतीजवळून, खालून, बसलेल्या माणसाने मान वर करून विचारावं तसा, अगदी जवळून आवाज आला.

"कोन गं बाई तू?"