बोकोबाचं दुसरं घर

"त्याला आणखी अर्धी गोळी देऊन बघू," बाबा म्हणाले आणि ताईने कपाळावर हात मारला.

बोक्याचा पाय मुरगळला, म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या होत्या. पाय बरा झाला, पण बोकोबा काही खाईना, उलट्या करू लागला. आणि बाबांचं आपलं गोळीवर गोळी! ऐन सुट्टीत मुलांच्या जिवाला घोर.

"बाबा, याच्या पुढच्या पायावरचे केस कुणीतरी कापलेत," धाकटा गोट्या म्हणाला. "आपल्या डॉक्टरबाईंनी तर कापले नव्हते."

"भांडणात गेले असतील."

"एवढे चौकोनी? समोरचा बोका कात्री घेऊन आला होता का?" ताईने विचारलं.

"तो बाहेर जातच नाही. माळ्यावर झोपलेला असतो," म्हणत बाबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मोठ्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी बोका माळ्याच्या खिडकीतून हळूच उतरला. मागोमाग ताई, गोट्या आणि शेजारची चष्मिस निघाली. चष्मिस पहिल्याच वळणावर सायकलला धडकली.

"चष्मा शोभेला लावतेस का गं?" ताई वैतागली.

"बोक्याकडे बघू की सायकलकडे? एकच सांग."

बोका मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात शिरला आणि चिंध्यांच्या ढिगावर जाऊन पसरला. शिंपीकाकांनी मशीन थांबवलं, प्रेमाने त्याचा जबडा उघडला. त्यांच्या चिमटीत अर्धी गोळी होती.

"काका, थांबा! कसली गोळी ती?" ताई ओरडली.

"पायाची. लंगडत होते आमचे राजे. मीच स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. पायाचे केस काढून रक्तसुद्धा तपासलं."

"हा आमचा बोका आहे," गोट्या म्हणाला.

"तुमचा? रोज जेवतो इथे!"

चष्मिसने गोळ्यांचं पाकीट नाकाजवळ धरून वाचलं. तीच गोळी. बोक्याला दोन्ही घरांतून औषध मिळत होतं.

मग टोपलीत बोका आणि मागे मुलं, बाबा, शिंपीकाका अशी वरात डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी बोक्याला तपासलं आणि त्या बाबांकडे वळल्या.

"बाहेर जातो का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही ठामपणे नाही म्हणालात. मांजराला ही गोळी दुप्पट म्हणजे विषच. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती."

"पण मला वाटलं..."

"नुसतं वाटून चालत नाही. बघत जा. या मुलांनी बघितलं, म्हणून हा जिवंत आहे. यापुढे याचं औषधपाणी ही तिघं करतील. तुम्ही दोघांनी हातही लावायचा नाही."

शिंपीकाकांनी मान खाली घातली. "पोरं हुशार आहेत हो," ते बाबांना म्हणाले. बाबांनी गोट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बोका दवाखान्यातच राहिला, सलाईन लावून. तिसऱ्या दिवशी सकाळी गोट्याने पिंजऱ्यात हात घातला, तेव्हा बोक्याने वास घेतला आणि तळव्यावरचा खाऊ चाटूनपुसून खाल्ला. इतके दिवस गोट्या रडला नव्हता. तेव्हा मात्र रडला.