उत्तरापुरती जागा

आखातातून आलेल्या माणसाला रत्नागिरीच्या राजिवड्यात दोनच प्रश्न विचारतात: काय काय आणलंस, आणि परत कधी जाणार. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये अयूब रत्नागिरीत उतरला, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने पक्कं केलं होतं. परत जायचं नाही. मस्कतमध्ये चौदा वर्षं त्याने दुसऱ्यांची बायकापोरं गाडीतून फिरवली होती. आता स्वतःची फिरवायची, एवढंच त्याचं मागणं. त्यासाठी जुनी का होईना, एक छोटी जीप हवी होती.

केळशीत एक विकायला आहे असं कळलं, म्हणून तो गॅरेजवाल्या आप्पाला घेऊन तिकडे गेला. जीप माडांच्या सावलीत उभी होती. आप्पाने बॉनेट उघडलं, गाडीखाली शिरून पत्रा ठोकून पाहिला, चारदा सुरू करून चारदा बंद केली.

"इंजिन झकास हाय, अयूबभाय. खाऱ्या वाऱ्याने पत्रा थोडा खाल्लाय, त्याला इलाज नाय. टेपात कॅसेट अडकलेय, तेवढी काढून देतो."

"नको काढू," दारातून आवाज आला.

ती मालकीण, आफरीन. तिच्या नवऱ्याने, अनसने, सुट्टीत ही गाडी घेतली होती. दहा दिवस चालवली आणि दोह्याला परत गेला. तिथून आली ती त्याच्या मयताची खबर, आणि खबरीनंतर आठवड्याने, त्याने आधीच टपालात टाकलेली ही कॅसेट. फोन परवडत नसे तेव्हा माणसं असा आवाज भरून घरी पाठवायची. आफरीनच्या पोरांनी ती गाडीतच लावली.

"निघायची नाय ती," ती म्हणाली. "वाजली तर वाजू द्या. पण जबाब नका देऊ. माजी पोरं या गाडीतनं उतरत नव्हती, म्हणून विकतेय."

तिने चावी अयूबच्या हातात दिली नाही. उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर आप्पा पेंगत होता. गाडीत डिझेलचा वास होता, आणि त्याच्याखाली कुठेतरी शिळ्या अत्तराचा. खेड मागे पडलं आणि टेप आपोआप खरखरला.

"जेवलीस काय गो?" एक मवाळ पुरुषी आवाज म्हणाला. मग नुसती शांतता. मागे पंख्याची घरघर. "काय जेवलीस?" पुन्हा शांतता. "वा."

अयूबला गंमत वाटली. बिचारा पोरीच्या उत्तरासाठी जागा सोडत होता. अयूबनेही अशा किती कॅसेट भरल्या होत्या! पण त्या एका दमात: कौलं बदला, फहादचे मार्क कळवा, विहिरीचा पंप दुरुस्त करा. दोन्ही बाजू गच्च. त्याच्या बायकोने, बिल्किसने, त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. त्यातल्या तीन पाकिटातूनही काढलेल्या नाहीत, हे त्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. ते त्याला लागलं होतं.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे मालगुंडच्या किनाऱ्याला निघाले. बिल्किस पुढे, तिच्या मांडीवर सहा वर्षांची उमैमा, मागे तेरा वर्षांचा फहाद. दोन्ही पोरं पाहुण्याच्या गाडीत बसल्यासारखी अंग चोरून बसली होती. अयूब एकटाच बडबडत होता. मध्येच टेप खरखरला.

"जेवलीस काय गो?"

"जेवले," उमैमा म्हणाली.

"काय जेवलीस?"

"मांदेली नि भाकरी."

पंखा घरघरला.

"मांदेली? मना ठेवलीस काय...?"

बिल्किसचा हात उमैमाच्या तोंडावर गेला. फहाद मागून पुढे वाकला होता. कोणी हसलं नाही. किनाऱ्यावरच्या घराघरांत मांदेलीच असते, असं अयूबने स्वतःला सांगितलं. पण केळशीहून येताना तो आवाज नुसता 'वा' म्हणाला होता, हे त्याला चांगलं आठवत होतं.

त्यानंतर पोरं दुपारचं ताट घेऊन गाडीत जाऊन बसू लागली. अयूब हाक मारी, कोणी ओ देत नसे. एकदा तो कुंपणाशी उभा राहून ऐकत होता. आत फहाद बोलत होता. गणितात नापास झाल्याचं सांगत होता, जे त्याने बापाला सांगितलं नव्हतं.

"असू दे रे... मी हाय ना," आवाज म्हणाला.

अयूबचं डोकं फिरलं. त्याने दार खेचून उघडलं. "मी इथे जिवंत उभा हाय! मना नाय सांगता येत?"

फहाद खाली उतरला. "तुमी विचारता, पण थांबत नाय," एवढं बोलून तो घरात गेला.

त्याच संध्याकाळी अयूबने टेप उखडला आणि भाट्याच्या पुलावरून खाडीत फेकला. घरी येऊन पाहतो तर उमैमा गाडीत. टेपच्या जागी भोक होतं, वायरी लोंबत होत्या, आणि ती त्या भोकाला शाळेतलं सांगत होती. दोन वाक्यं बोलायची, थांबायची. मान डोलवायची. मग पुढे सांगायची.

अयूबला काही ऐकू येत नव्हतं. त्यालाच तेवढं येत नव्हतं.

बिल्किस भांडली नाही. भाकरी थापता थापता तिने शांतपणे विचारलं, "परत कवा जाताय?"

तो मे महिन्यात गेला. गाडी त्याने अंगणात लावली, कुलूप घातलं आणि दोन्ही चाव्या खिशात घालून मस्कतचं विमान पकडलं. निदान त्या गाडीत तरी कोणी बसू नये, एवढंच आता त्याच्या हातात होतं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी त्याने घरी फोन लावला. खूप वेळाने उमैमाने उचलला. मागून इंजिनचा आवाज येत होता. आप्पा म्हणाला होता तसा, झकास.

"उमैमा, बाळा... आईला दे."

"आई गाडीत बसलेय. आमी मालगुंडला चाललोय. अब्बा गाडी काढतायत." ती थांबली. "तुमी कोण?"

अयूबने खिसा चाचपला. दोन्ही चाव्या होत्या. तिकडे हॉर्न वाजला आणि रिसीव्हर कोणीतरी पोरीच्या हातातून अलगद घेतला. पंखा घरघरू लागला.

"कोण, अयूबभाय?" मवाळ आवाज म्हणाला. "जेवलात काय?"

आणि तो थांबला.

चौदा वर्षांत घरच्या फोनवर त्याला हे कोणीच विचारलं नव्हतं. जबाब नका देऊ, हे आफरीनने बजावलेलं अयूबला आठवत होतं, अक्षर न् अक्षर आठवत होतं. घरघर चालू राहिली. पलीकडचा माणूस घाई करत नव्हता.

"नाय अजून," अयूब म्हणाला.