अकरा ते सव्वाअकरा

सुट्टीवरून आल्यावर पहिले तीन दिवस माणसाने कुठल्याही कागदावर सही करू नये, असा माझ्या बायकोचा नियम आहे. तिच्या मते माणूस गाडीने येतो, पण त्याचं डोकं मागून पायी येत असतं. मी हा नियम तिचे बाकीचे नियम ऐकतो तसाच ऐकला, म्हणजे मान डोलावून.

आम्ही पंधरा दिवस समुद्रावर होतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत सलग एवढी सुट्टी पहिल्यांदाच घेतली, तीसुद्धा डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजून स्वतःचाच चेहरा पाडला म्हणून. परतलो तेव्हा घराला झाकण लावून ठेवलेल्या डब्यासारखा वास येत होता. बॅगेतून निघालेली वाळू सगळ्या खोल्यांना समान वाटली गेली. बूट पंधरा दिवसांत अर्ध्या नंबराने लहान झाले होते. पहाटे गजर वाजला, तेव्हा शेजाऱ्यांनी तो लवकर बंद करावा असं मला मनापासून वाटलं.

"आज नुसतं जाऊन बसा," बायको डबा भरताना म्हणाली. "काही ठरवू नका. कुणी विचारलं तर म्हणा, बघतो."

"मग मी कामावर आलोय हे त्यांना कळणार कसं?"

"अहो, एवढी वर्षं कळत होतं का?"

माझं काम सांगायला सोपं आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तळमजल्यावर एक खोली आहे. तिच्या भिंतीवर शहराखालच्या सगळ्या नळांचा नकाशा आहे, आणि नकाशासमोर मी आहे. शहरात एकशे सतरा व्हॉल्व्ह. कुठला किती वाजता उघडायचा आणि किती वाजता बंद करायचा, हे मी कागदावर ठरवतो. रस्त्यावर ते काम चावीवाले करतात. खांद्याएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून हे गृहस्थ माझ्या आधीपासून शहरभर फिरताहेत. झाकण उचलायचं, चावी आत घालायची, सांगितले तेवढे आटे फिरवायचे. एका गल्लीला पाणी द्यायचं म्हणजे दुसरीचं काढायचं, एवढंच या कामातलं तत्त्वज्ञान आहे.

मी नसताना नदी आटावी, अशी काही माझी अपेक्षा नव्हती. पण एखादी मोठी वाहिनी फुटावी, दोनचार माणसांनी तरी "साहेब कुठे गेले" म्हणून कचेरी डोक्यावर घ्यावी, इतकी माफक इच्छा धरून मी खोलीत शिरलो. तक्रारवहीची पंधरा दिवसांची पानं कोरी होती. माझ्या जागी मुख्य कचेरीतून एक बाई बदलीवर आल्या होत्या. त्यांनी माझ्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या आणि सव्वीस वर्षं कुरकुरणाऱ्या खुर्चीत तेल घातलं होतं. मी बसलो तर खुर्ची गप्प. इतका अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

काहीतरी चूक सापडावी म्हणून मी नोंदवही उघडली. सापडली. रोजच्या यादीत एकशे सतराच्या खाली आणखी एक ओळ होती. '११८. सकाळी अकरा ते सव्वाअकरा. चौदा आटे.' पंधराही दिवस.

चावीवाल्यांना बोलावलं.

"हा एकशे अठरा कुठून आला?"

"शाळेच्या मागच्या भिंतीला, साहेब. इस्त्रीच्या दुकानासमोर."

"तिथे व्हॉल्व्ह नाही."

"मलाही तसंच वाटायचं. बाईंनी सांगितलं, गेलो, तर झाकण होतं. झाकण असलं की आपण उचलतो."

"मग त्याचं पाणी जातं कुठे?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"ते नाही सांगता येणार. पडल्याचा आवाज येतो. बराच वेळ पडत राहतं." चावीवाल्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग भांड्यांचा येतो."

माझ्यावाचून सुरळीत चाललेल्या खात्यात मला काहीतरी ठरवायचं होतं, आणि ही संधी चालून आली होती. मी लाल शाईने त्या ओळीवर रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'अस्तित्वात नाही. बंद करावा.' आणि सही ठोकली. अस्तित्वात नसलेली वस्तू बंद कशी करायची, हे चावीवाल्यांनी विचारलं नाही. असले प्रश्न माणूस नोकरीच्या पहिल्या वर्षातच विचारून संपवतो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी तक्रारीचा फोन वाजला. म्हातारा, गोड आवाज होता.

"पाण्याची कचेरी का? बाळा, आज पाणी नाही आलं."

"कुठून बोलताय, आजी?"

"खालच्या गल्लीतून."

आमच्या शहरात खालची गल्ली नाही. "जवळपास काय आहे?" मी विचारलं.

तिने विचार केला. मागे भांडी वाजत होती, रिकामी. "जवळपास काही नाही," ती म्हणाली.

चुकीचा नंबर लागला असेल असं मी तिला समजावलं. तिने समजून घेतलं. "बरं. उद्या बघते."

उद्याही अकरा पाचला फोन. आता मी वही पुढे ओढून नीट चौकशी सुरू केली. चौकशीत माणूस सुरक्षित असतो.

"आजी, आधी पाणी किती वाजता यायचं?"

"आधी कुठलं यायला? हे पंधरा दिवस काय ते आलं. पोरांना पहिल्यांदा कळलं, अंगावर पाणी घेतात म्हणून. धाकटी तर नळाला हात लावून बसायची, अकराची वाट बघत." मग जरा थांबून, चौकशी केल्यासारखं, "तुमची सुट्टी संपली का?"

"संपली."

"परत कधी जाणार?"

हा प्रश्न मला यापूर्वी फक्त मोठ्या साहेबांनी विचारला होता, आणि त्यांचा हेतू वेगळा होता. मी फोन ठेवला. हात पुसायला रुमाल शोधला, तर हात कोरडेच होते.

बदलीवर आलेल्या बाईंना मुख्य कचेरीत फोन लावला. "अहो, तुमच्याच कागदावर होतं की," त्या म्हणाल्या. "काम सोपवताना तुम्ही यादी लिहून दिलीत ना? मी आपलं वाचायचं आणि करायचं. काही चुकलं का?"

यादी खणात होती. सुट्टीच्या आदल्या दुपारी मी ती घाईघाईने लिहिली होती. गाडीची तिकिटं खिशात, अर्धं लक्ष घड्याळाकडे. एक ते एकशे सतरा, माझं अक्षर. खाली एकशे अठरा, तेही माझंच. माझा अर्धवट मोडलेला 'अ', माझी शाई. 'अकरा ते सव्वाअकरा. विसरू नये.'

सव्वीस वर्षांत मी कुठल्याच कागदावर 'विसरू नये' असं लिहिलेलं नाही. लोकांनी विसरावं, अशीच माझी साधारण धारणा असते.

मी वहीत तांबड्या रेघेखाली 'चालू करावा' लिहिलं, सही केली आणि चावीवाल्यांबरोबर स्वतः निघालो. शाळेची मागची भिंत, समोर इस्त्रीचं दुकान, मधे पदपथ. फरशा एकमेकींना चिकटून बसवलेल्या, सांध्यांत जुनी माती. झाकण बसेल एवढी फट कुठेच नाही.

चावीवाल्यांनी चावीचं टोक एका फरशीवर टेकवलं. "इथेच होतं. चौदा आटे. शेवटचा जड जायचा."

"मग उघडा ना."

त्यांनी माझा कागद पुन्हा एकदा वाचला, दोन्ही बाजूंनी. "कागद बरोबर आहे, साहेब. झाकण नाही."

इस्त्रीवाला दारात येऊन उभा राहिला होता. "मधे इथे सकाळचा गारवा यायचा हो," तो म्हणाला. "कालपासून गेला बघा."

मी पदपथ खोदायला लावला. कमरेएवढं खोल गेलो. नळ नाही, नळाची खूण नाही. शाळेच्या हौदाची गळती शेजारीच होती, तरी खड्ड्यातली माती इतकी सुकी की फावड्यावर ठरेना, वाऱ्याने उडून गेली.

मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. टेबलावर माझी वही उघडी होती.

"सोमवारी तुम्ही लिहिता, अस्तित्वात नाही. बुधवारी लिहिता, चालू करा. गुरुवारी रस्ता खोदता. सुट्टीत काय समुद्राचं पाणी प्यायलात का?"

"साहेब, मला अजून पंधरा दिवस रजा पाहिजे."

"आत्ताच आलात ना?"

"माझ्या रजेत शहराला पाणी नीट मिळतं."

ते बराच वेळ हसले. हे कुणीतरी स्वतःहून कबूल करावं, याची ते अकरा वर्षं वाट पाहत होते म्हणे. रजा मात्र नामंजूर केली.

घरी बायकोला यातलं काही सांगितलं नाही. "लागलं का मन कामात?" तिने विचारलं. "लागतंय हळूहळू," मी म्हणालो. जेवताना पाण्याचा तांब्या मी दोनदा माझ्याकडून तिच्याकडे सरकवला. ती माझ्याकडे बघत राहिली.

फोन रोज येत होता. मी न घेता पाहिला, तर वाजत राहिला, सव्वाअकरापर्यंत. दुसऱ्या दिवशी घेतला. आवाजातला गोडवा जाऊन तो खरखरीत झाला होता. शब्द एकमेकांना घासत बाहेर येत होते. तिने तक्रार कधीच केली नाही. रोज तेवढंच. "आज नाही आलं, बाळा." मागच्या भांड्यांचा आवाजही कमी झाला होता. कुणी ती उगाच हलवत नसावं.

"पोरं कशी आहेत?" मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं.

"शांत आहेत. धाकटी आता रडत नाही."

"बरं झालं."

"रडायला पाणी लागतं ना."

शनिवारी अकरा पाचला मी उभा राहूनच फोन घेतला. आठवडाभर मी कागद बदलले होते, रस्ता खोदला होता, जुने नकाशे तळघरातून काढून शिंकत शिंकत तपासले होते, साहेबांच्या खोलीत हसं करून घेतलं होतं. तिने म्हटलं, "आज नाही आलं, बाळा," आणि माझा तोल गेला.

"मग मी काय करू, आजी? तुमची गल्ली नाही, तुमचा नळ नाही, तो व्हॉल्व्ह नाही. जे जे करता येईल ते सगळं केलं. आता माझ्या घरी या आणि भरा पाणी."

पलीकडे कुजबुज सुरू झाली. एकीने दुसरीला सांगावं, दुसरीने मागच्याला, तसं काहीतरी दूरदूर जात राहिलं. बराच वेळ जात राहिलं.

"पत्ता?" म्हातारीने विचारलं.

मी सांगितला. का सांगितला, ते मला अजून कळलेलं नाही. तक्रारदाराने विचारलेली माहिती द्यावी असा नियम आहे, तेवढंच त्या वेळी तोंडाला आलं.

"किती वाजता येऊ?"

"अकराला."

"बरं. गर्दी नाही करणार आम्ही."

रविवारी मी घरीच होतो. बाहेर लख्ख ऊन. बायकोने सकाळीच घर पुसायला काढलं होतं, वाळू अजून निघतच होती. बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशी ओली, चकचकीत. पाय वर घेऊन मी खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. वाचत नव्हतो.

अकरा वाजले.

"अहो," बायको आतून म्हणाली. "ही बादली भरत नाहीये."

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. नळ पूर्ण सोडलेला. धार मनगटाएवढी जाड, सरळ बादलीत पडत होती. बादली धड होती, कुठे चीर नाही. आत दोन बोटं पाणी. आम्ही बघत राहिलो. दोनच बोटं.

"बंद करू का?"

मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून चार मिनिटं. "राहू दे," मी म्हणालो. "सव्वाअकरापर्यंत राहू दे."

"म्हणजे?"

उत्तर टाळायला मी खाली मान घातली.

ओल्या फरशीवर कोरड्या पावलांचे ठसे होते. चालत गेल्याचे नव्हते. जोडीजोडीने, एकामागे एक, उभे राहिल्याचे. नळासमोरचा सगळ्यांत लहान होता. त्याला टाचा नव्हत्या, नुसती बोटं. कुणीतरी चवड्यांवर उभं होतं.

बायकोने माझा हात धरला.

धार पडत राहिली. लहान ठसा हळूहळू ओला होऊन फरशीत मिसळला. मागचे सगळे ठसे एकेक पाऊल पुढे आले.

रांग स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, आणि खोलीतून उघड्या दारापर्यंत गेली होती. पुढे जिना होता. तो अजून पुसलेला नव्हता, त्यामुळे मागे आणखी किती जण होते, ते दिसलं नाही.