वितळतो की विरघळतो?

रत्नागिरीच्या रसायनवार्ता केंद्रात डॉ. शमा शिकलगार तरातरा शिरल्या आणि हातातलं, आतून लेप दिलेलं पातेलं त्यांनी उल्का सुर्वेच्या टेबलावर आदळलं.

"माझ्या शोधनिबंधाची वाट लावलीत तुम्ही! मी लिहिलं होतं, हा अग्निकवच लेप उकळत्या पाण्यात वितळत नाही, पण आंबटात विरघळतो. बातमीत पुढचं अर्धं वाक्यच नाही. लोक यात कोकमाचं सार उकळतायत, बाई! लेपातला जड धातू सरळ पोटात जातोय."

उल्का केंद्राची वार्ताहर. रसायनशास्त्रातलं नवं संशोधन पत्रकारांना आणि लोकांना कळेल अशा मराठीत आणायचं, हे केंद्राचं काम. लिहायचा मात्र 'सुलभक' नावाचा यंत्रलेखक; उल्का फक्त तपासून सही करायची. तिने सुलभकाची नोंदवही पडद्यावर उघडली आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, याचा नियम असा: एखाद्या गोष्टीला निम्म्याहून जास्त वाचक जो शब्द बोलतात, तोच छापायचा. त्यांचा शब्द बदलला, की जुन्या बातम्याही मूळ निबंधावरून नव्याने लिहायच्या."

"मग?"

"मग काय! आपल्याकडे लोणीही वितळतं आणि चहातली साखरही वितळते. शंभरात साठ जण तसंच बोलतात. म्हणून तुमचं वाक्य झालं, 'पाण्यात वितळत नाही, आंबटात वितळतो.' त्यातल्या विसंगतिशोधकाला, म्हणजे एकमेकांशी न जुळणारी वाक्यं पकडणाऱ्या भागाला, वाटलं, एकच लेप वितळतोही आणि वितळतही नाही, हे कसं? त्याने पुढचं खोडलं."

"अहो, उष्णतेने पातळ होणं वेगळं आणि पाण्यात मिसळून दिसेनासं होणं वेगळं! शाळेतलं पोरगंही सांगेल."

"परीक्षेत सांगेल. घरी येऊन साखर वितळली म्हणेल."

उल्काने तीनदा दुरुस्ती पाठवली. तीनदा सुलभकाने शब्द बदलला आणि शोधकाने वाक्य खोडलं. शेवटी ती केंद्रप्रमुख दिगंबर लोटलीकरांकडे गेली.

"हाताने काही छापायचं नाही," ते म्हणाले. "लोकांची भाषा हे आपलं ब्रीद आहे."

"त्या ब्रीदापायी लोकांनाच विष पाजतोय आपण, साहेब!"

"आवाज खाली! नोकरी करायची आहे ना?"

"ते तुम्ही ठरवा. मी गप्प बसणार नाही."

वाचकांना प्रश्न विचारायचं सदर उल्काच्या हातात होतं. वादातला एकही शब्द न वापरता तिने लिहिलं: 'गरम तव्यावर लोणी ठेवा. मग गार पाण्यात साखर टाकून ढवळा. चूल नाही, आच नाही, तरी साखर दिसेनाशी झाली. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल? साखरेचं काय झालं, ते बोलून कळवा.'

लोक तुटून पडले. चिपळूणच्या एका आजींचा आवाज आला, "अगो बाय, विरघळली ती! वितळायला ती काय मेण आहे?" घरोघरी वाद रंगले, नवरे बायकांना आणि बायका नवऱ्यांना दुरुस्त करू लागल्या. चौथ्या दिवशी दुपारी, शंभरात किती वाचक कोणता शब्द बोलतात ते मोजणाऱ्या बोलीमापकाचा काटा 'विरघळली'साठी एक्कावन्नवर गेला. पडद्यावर बातमी आपोआप बदलली: 'आंबटात विरघळतो.' शमा मॅडमनी उल्काला मिठीच मारली.

पण पडदा थांबेना. दुसरी बातमी बदलली, दहावी बदलली, त्रेसष्टावी बदलली. लोणच्याच्या बरणीचा मुलामा खारात विरघळतो. टाकीचं अस्तर क्लोरीनच्या पाण्यात विरघळतं. बाळाच्या चमच्याचा रंग लाळेत विरघळतो. आठ वर्षांत खोडलेलं एकेक अर्धं वाक्य परत येत होतं. त्यातल्या एकोणीस बातम्यांखाली 'तपासली' म्हणून सही होती उल्काची.

लोटलीकर धावत आले. "बंद करा हे! मागे घ्या!"

"कसं घेणार? अख्ख्या कोकणाला परत चुकीचं बोलायला शिकवा, साहेब. नियम तुमचाच आहे."

"त्यात तुझ्याही सह्या आहेत, कळतंय का?"

"कळतंय. लाज वाटतेय मला. म्हणून फोन मीच उचलणार."

फोन वाजतच होता. उल्काने तो कानाला लावला.

"हो, रसायनवार्ता केंद्र. ती सही माझीच आहे, ताई. मला नंतर हव्या तेवढ्या शिव्या द्या. बाळाच्या तोंडातला चमचा आधी काढा."