उरलेल्या तीन कल्पना

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, हे आधीच कबूल करतो. पुढचंही तितकंच खरं आहे. पण विश्वास ठेवा असं म्हणायचा मला धीर होत नाही.

पत्र माझ्या मित्राचं. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. दर रविवारी आम्ही माझ्या खोलीत, याच टेबलाशी बसून कथांसाठी कल्पना काढायचो. नियम एकच. वीस लिहायच्या, एकही खोडायची नाही. माझा हात शिवशिवला की तो म्हणायचा, "खोडायचा पगार मला मिळतो. तू गप लिही."

मग तो दूरच्या गावी मुलीकडे राहायला गेला. तिथून पत्र आलं. सतरा कल्पना, आणि खाली एक ओळ: "अडलोय. उरलेल्या तीन तू पाठव."

मी लिहायचो. भिकार वाटायचं. खोडायचो. कागद खणात टाकायचो.

चार महिने.

एक दिवस त्याच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली. मग जरा थांबून, "काका, ते रोज टपाल आलं का विचारायचे."



गेल्या रविवारी, दुपारी चार वाजता, पुन्हा टेबलाशी बसलो. खिडकी बंद, पंखा बंद. अठरावी लिहिली: 'एक न्हावी सावल्यांचे केस कापतो.' लाज वाटली. खोडायला गेलो...

पेन उमटेना.

बाजूला रेघ ओढली. उमटली. पुन्हा शब्दांवर ओढली... काहीच नाही.

समोरची खुर्ची करकरली.

मी वर पाहिलं नाही. खण उघडून जुने कागद काढले...

एकाही ओळीवर काट नव्हती. सगळी अक्षरं स्वच्छ.

त्यांतलीच एक एकोणिसावी म्हणून उतरवली. विसावी सुचेना. समोर कुणी थांबलंय, घाई करत नाहीये, असं वाटत राहिलं. शेवटी लिहिलं: 'एक भित्रा माणूस मित्राला उत्तर देत नाही.' तीही भिकारच. पण तशीच ठेवली.

पाकिटावर त्याचंच नाव घातलं. दुसऱ्या कुणाचं घालणार?

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सोडलं आणि कान लावला...

ती पेटी काही खोल नाही. तरी पाकीट पडल्याचा आवाज आला नाही.