डावीकडची नळी

टेलरबाईच्या दुकानात एसी बसवायला तो आला, तेव्हा शिडीवरूनच म्हणाला, "जरा ही नळी धरता का?" तिने धरली. एसीचं पहिलं गार पाणी टपकन तिच्या मनगटावर पडलं... तो हसला, आणि बाईंचं काम तिथेच आटोपलं!

पण एसी निघाला गुणाचा. बिघडेचना! मेकॅनिकला बोलवायचं तरी काय सांगून? मग तिने डोकं लढवलं. पाणी बाहेर सोडायची नळी मागच्या खिडकीशी लोंबत होती. तिने नव्या ड्रेसची जांभळी चिंधी घेतली अन् दिली आत कोंबून. आता पाणी तुंबेल, दुकानात गळेल, की लावायचा फोन.

गळलं काहीच नाही. उलट दुसऱ्या दिवशी मेकॅनिकची शिडी तिच्या दारावरून सरळ वरच्या मजल्यावर गेली — पार्लरवालीकडे! वरून खिदळणंसुद्धा ऐकू आलं. टेलरबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड. संध्याकाळी बघते तर नळीतली चिंधी गायब! तिने रागारागाने आणखी मोठी कोंबली. झालं, तो पुन्हा वर.

तिसऱ्या चिंधीनंतर तो वरून उतरत असताना तिने त्याला जिन्यातच गाठलं.

"एवढं काय गळतंय हो त्या भवानीकडे? पाणी गळतंय, की तुम्हीच विरघळताय?"

"पाणीच. नळी तुंबते सारखी."

"तिचीच बरी तुंबते! आमची मेली तुंबता तुंबत नाही."

"तुंबायला हवी होती का?"



त्याने खिशातून मूठ काढून उघडली. जांभळी, हिरवी, ठिपक्यांची... तीन ओल्या चिंध्या. आणि जांभळा ड्रेस तर आज तिच्या अंगावरच होता.

"खिडकीशी दोन नळ्या आहेत, बाई. उजवी पार्लरची. तुमची डावी."

अगं बाई! म्हणजे त्याला रोज वर धाडणारी आपणच?

"मग ती खिदळत का होती?" तरी तिने विचारलंच.

"तिने पहिल्याच दिवशी कापड ओळखलं. म्हणाली, खाली जा की बावळटा... मलाच धीर होईना."

त्याने जांभळी चिंधी तिच्या हातात ठेवली. "उद्या डावीत घाल," तो पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत म्हणाला. "घट्ट."

"उद्यापर्यंत कोण थांबतंय?" ती म्हणाली, आणि चिंधी घेऊन तडक मागच्या खिडकीकडे निघाली.